कडा, दोर आणि न्यूटनचा तिसरा नियम

गॅदरिंग संपलं की आपल्या हॉस्टेलवर दोनच विषय उरतात, सबमिशन आणि ट्रेक. पहिल्याचं टेन्शन येतं म्हणूनच बहुधा दुसऱ्याचं प्लॅनिंग जोरात होतं! यंदाही नोटीस बोर्डाशेजारी नावं नोंदवायचा कागद लागलाय आणि त्याच्या खाली कुणीतरी ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘या वेळी रॅपलिंगसुद्धा!!’ तो कागद वाचला आणि ठरवलं, की इतके दिवस टाळलेला हा लेख आता लिहायचाच.

कारण गेल्या डिसेंबरमध्ये आम्हीही रॅपलिंग केलं होतं.

आम्ही अठरा जण होतो. मावळातला एक कडा, उंची साधारण २५ मीटर. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव छापलं की पुढच्या रविवारी तिथे तीन बस उभ्या राहतात. दोर कुणाच्या तरी ओळखीतून मिळालेला. तो किती जुना, आधी किती वेळा वापरलेला, हे आम्ही विचारलं नाही आणि देणाऱ्याने सांगितलं नाही. कड्याच्या माथ्यावर कुणीतरी पूर्वी ठोकलेली एक लोखंडी मेख होती, शेजारी एक झाड होतं. दोन्हींना दोर बांधला, कडेवरून खाली सोडला आणि झालो सुरू. आमच्यातल्या एकाने व्हिडिओ पाहून सगळं शिकून घेतलं होतं, म्हणजे तो आमचा इन्स्ट्रक्टर!

एकेक जण उतरत होता. वर थांबलेल्यांना करायला काही नव्हतं, म्हणून एका मोठ्या दगडावर ऑइलपेंटने ब्रँचचं नाव आणि बॅचचं वर्ष रंगवायचं काम चाललं होतं. रंगाचा डबा माझ्या हातात होता. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

बाराव्या नंबरला माझी रूममेट उतरली. ती खाली पोचली, तिने हात हलवला आणि आम्ही दोर वर ओढून घेतला. कडेवर जिथे तो घासत होता तिथे बाहेरचं विणलेलं आवरण बोटभर लांब फाटलं होतं आणि आतले पांढरे धागे दिसत होते. कुणी काही बोललं नाही. उरलेले सहा जण पायवाटेने उतरले. परतीच्या बसमध्ये अंताक्षरी झाली. रूममेटला मी हे सांगितलं ते चार दिवसांनी, रात्री लाइट बंद केल्यावर.

कडेवर नक्की काय झालं?

दोर फाटलेला पाहिल्यावर मी कडेजवळ जाऊन वाकून पाहिलं होतं. सकाळी आलो तेव्हा तिथे हिरवट-करडं शेवाळ आणि खाली झिजून गोल झालेली मऊसर कड होती. अकरा-बारा जणांच्या उतरण्यात दोराने ती मऊ कड खरवडून काढली होती. खाली उभ्या असलेल्या मुलांच्या अंगावर मधून मधून खडे पडत होते ते तिथलेच. मऊ थर गेल्यावर आतली धारदार कड उघडी पडली आणि त्या धारेने दोर कापला.

म्हणजे दोराने आधी कडा कापला आणि मग कड्याने दोर. अकरावीपासून पाठ असलेला न्यूटनचा तिसरा नियम मला त्या दिवशी पहिल्यांदा ‘दिसला’. कड दोराला जेवढी घासते तेवढाच दोर कडेला घासतो. माझा मुद्दा एवढाच आहे, की कडा जपणं आणि स्वतःचा जीव जपणं ही दोन वेगळी कामं नाहीत. बहुतेक वेळा ते एकच काम असतं. खाली एकेक गोष्ट घेऊन तेच सांगते.

यातलं बरंचसं मी नंतर शिकले. एका गिर्यारोहण संस्थेच्या अनुभवी मंडळींबरोबर काही रविवार गेले, आणि कड्याखालच्या गावातले एक मामा वाट दाखवायला येतात त्यांच्याकडून शिकले.

कातळ ओळखायला शिका

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. ‘डेक्कन ट्रॅप’ची व्याख्या मला घडाघडा येत होती, पण कातळ, मुरूम आणि घसारा यांतला फरक माहीत नव्हता. मामा ‘पोरी, घसारा हाय’ म्हणाले तेव्हा मी ‘हो हो’ म्हणून पाय टाकला आणि चार फूट बसून खाली आले! घसारा म्हणजे सुट्या खड्यांचा उतार. हे शब्द माहीत असणं हीसुद्धा सेफ्टीच आहे.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, खंडाळ्याची नागफणी, तैलबैलाच्या जुळ्या भिंती, हे सगळे बेसॉल्टचे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक थरांनी वाहिला आणि थंड झाला. त्यातले काही थर घट्ट आणि कठीण आहेत, काही थर वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेले, आणि दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातकट पट्टा असतो. कठीण थर थंड होताना आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. पावसाळ्याचे चार महिने त्या भेगांत पाणी शिरतं, मुळं शिरतात, आणि मऊ थर आधी झिजतो. वरचा कठीण भाग आधाराशिवाय राहतो आणि कधीतरी सुटतो. म्हणून पावसाळ्यात आणि तो संपल्या संपल्या कड्यावर जाणं शहाणपणाचं नाही. दगड ओला दिसत नसला तरी सैल झालेला असू शकतो.

मामांची टेस्ट सोपी आहे. बाजारात मडकं वाजवून घेतो तसा दगड हाताच्या मुठीने वाजवायचा. खणखणीत वाटला तर हात घालायचा, बद्द वाजला तर सोडून द्यायचा. आणि सैल दगड ‘मजा म्हणून’ खाली लोटायचा नाही. खाली माणूस असतो, गुरं असतात, आणि तो दगड कदाचित वरच्या दहा दगडांना अडवून बसलेला असतो. चुकून दगड सुटलाच तर लाजू नका, जोरात ‘दगड!’ म्हणून ओरडा. खालच्याने वर बघायचं नाही, भिंतीला चिकटायचं. हेल्मेट सर्वांना हवं, खाली उभं राहणाऱ्यांनासुद्धा. आमच्याकडे अठरा जणांत दोन होती.

दोराचं थोडं गणित

गिर्यारोहणाचा दोर म्हणजे आत सरळ धाग्यांचा गाभा आणि बाहेर विणलेलं आवरण. वजन मुख्यतः गाभा घेतो, आवरण त्याचं रक्षण करतं. दोर दोन जातींचे. स्टॅटिक दोर फार कमी ताणतो, तो रॅपलिंगला आणि सामान ओढायला. डायनॅमिक दोर ताणतो, तो चढताना पडणाऱ्याला झेलायला. ‘दोर म्हणजे दोर’ असं समजून अदलाबदल केली तर काय होतं, ते पाहा.

समजा ७० किलोचा माणूस २ मीटर पडला. स्टॅटिक दोर १० सेंटिमीटर ताणून थांबला असं धरू. ऊर्जा बरोबर बळ गुणिले अंतर, या हिशोबाने सरासरी बळ येतं सुमारे १४ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ दीड टन वजन! तोच माणूस डायनॅमिक दोरावर पडला आणि दोर ६० सेंटिमीटर ताणला, तर सरासरी बळ सुमारे ३ किलोन्यूटन. हिशोब ढोबळ आहे, पण फरक कळायला पुरेसा आहे. गिर्यारोहण संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या चाचणीत एकेरी डायनॅमिक दोरावर ८० किलोचं वजन पाडतात आणि पहिल्या पतनात बळ १२ किलोन्यूटनच्या वर जाऊन चालत नाही. बाजारात ताडपत्री बांधायला मिळणाऱ्या दोरीची अशी कुठलीच चाचणी झालेली नसते. ती कितीही जाड असली तरी नको.

आता सिनेमात दाखवतात तशा उड्या मारत उतरण्याबद्दल. २५ मीटर खाली येताना ७० किलोच्या माणसाची सुमारे १७ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ती घर्षणाने उष्णता होते. अप्लाइड मेकॅनिक्समध्ये बेल्ट फ्रिक्शन शिकलो ना, फिगर ऑफ एट त्याच तत्त्वावर चालतं. १०० ग्रॅमच्या ॲल्युमिनियमच्या डिसेंडरमध्ये ती सगळी उष्णता साठली असती तर त्याचं तापमान १९० अंशांनी वाढलं असतं! प्रत्यक्षात बरीचशी उष्णता दोरात आणि हवेत जाते, पण वेगाने उतरून मध्येच थांबलात तर तापलेला धातू दोराच्या एकाच जागी टेकून राहतो. नायलॉनचा एक प्रकार सुमारे २२० अंशांना वितळतो, पॉलिप्रॉपिलीन तर १६५ च्या आसपास. शिवाय प्रत्येक उडीबरोबर दोर कडेवर करवतीसारखा पुढे-मागे होतो. आमच्या बारा जणांनी यथेच्छ उड्या मारल्या होत्या. हळू, एका लयीत, पाय टेकवत उतरलं तर दोर वाचतो, कडही वाचते.

आणि कडेवर दोराखाली काहीतरी घालायचंच. मिळालं तर खास पॅड, नाही तर जाड गोणपाटाच्या घड्या, त्याही बांधून ठेवलेल्या. त्या दिवशी एक दहा रुपयांचं पोतं आमच्याकडे असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

अँकर: जुनी मेख आणि बिचारं झाड

दोन आधारांवरून दोर टांगला तर प्रत्येक फाट्यावर निम्मं वजन येतं असं आम्हाला वाटत होतं. इंजिनिअरिंगची मुलं, आणि व्हेक्टर विसरलो! दोन फाट्यांमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येकावर ५८ टक्के वजन येतं. ९० अंशाला ७१ टक्के, १२० अंशाला पूर्ण १०० टक्के, आणि १५० अंशाला तर १९३ टक्के. म्हणजे कोन पसरट झाला की दोन आधार असूनही एकापेक्षा वाईट अवस्था. कोन ६० च्या आत ठेवा, आणि एक आधार निसटला तरी दुसऱ्याने पूर्ण भार झेलला पाहिजे, असंच बांधा.

जुन्या मेखेबद्दल संस्थेतल्या एका दादांनी विचारलं, “कधी ठोकलेली होती?” माहीत नाही. “आत किती लांब होती?” माहीत नाही. “मग कशाच्या भरवशावर?” उत्तर नव्हतं. बाहेर तांबेरा दिसतो, पण भेगेच्या आत मेख किती गंजली आहे ते कळत नाही. आपल्याकडच्या पावसात साधं लोखंड फार टिकत नाही.

झाडाचं तसंच. दोर खोडाभोवती थेट गुंडाळला आणि ओढला, की साल सोलली जाते. सालीच्या आतल्या थरातूनच झाडाचं अन्न मुळांकडे जातं. खोडाभोवती पूर्ण साल गेली तर झाड मरतं. आणि मेलेलं झाड अजून उभंच असतं, म्हणून पुढच्या वर्षी कुणीतरी त्यालाच दोर बांधतो! जिवंत, जाड, खोल मुळांचं झाड निवडायचं, बुंध्याशी रुंद पट्टीचा स्लिंग घालायचा, खाली गोणपाट, आणि दोर स्लिंगच्या कॅरॅबिनरमधून. झाड सरकत्या दोराने सोललं जात नाही आणि दोरही खरखरीत सालीवर झिजत नाही. परत न्यूटन!

ज्या लोहाराने स्वतःचाच धंदा बंद केला

मेखांवरून एक गोष्ट आठवली, ती परदेशातली असली तरी आपल्याला लागू आहे. अमेरिकेत यव्हॉन शुइनार्ड नावाचा गिर्यारोहक स्वतः लोहारकाम शिकून पोलादी पिटॉन बनवायचा. त्याचे पिटॉन इतके चांगले होते, की १९७० पर्यंत त्याची कंपनी तिथली गिर्यारोहण साहित्याची सगळ्यात मोठी पुरवठादार झाली. त्याच वर्षी तो योसेमिटीतल्या एल कॅपिटन या सुमारे ९०० मीटर उंच ग्रॅनाइटच्या भिंतीवर गेला आणि हादरला. येणारा प्रत्येक जण भेगेत पिटॉन ठोकायचा आणि मागचा तो हातोड्याने सैल करून काढायचा. या ठोकाठोकीने बारीक भेगांची भोकं झाली होती. त्याने आणि त्याचा भागीदार टॉम फ्रॉस्टने ठरवलं, की धंद्याचा मोठा हिस्सा असलेले पिटॉन बंद करत आणायचे. १९७२ च्या त्यांच्या कॅटलॉगमध्ये याबद्दलचा लेखच छापला, आणि हाताने भेगेत अडकवायचे व हाताने काढायचे ॲल्युमिनियमचे चॉक विकायला काढले. पुढे १९७८ मध्ये रे जार्डिनचे ‘फ्रेंड’ म्हणजे स्प्रिंगचे कॅम बाजारात आले. भार आला की कॅम फिरून भेगेच्या दोन्ही भिंतींवर आणखी घट्ट बसतात. भार गेला की खटका ओढून काढा. दगडावर जवळजवळ खूणही राहत नाही.

आपल्या बेसॉल्टमध्ये अशा सलग, खोल भेगा सगळीकडे मिळत नाहीत, म्हणून बऱ्याच जागी ड्रिल करून बोल्ट बसवावे लागतात. तो दगडाला कायमचा घाव आहे हे खरं. पण जाणकारांनी विचार करून बसवलेले, स्टेनलेस स्टीलचे दोन बोल्ट हे दरवर्षी दहा ग्रुपनी आपापल्या मेखा ठोकण्यापेक्षा केव्हाही बरे. त्यासाठी कोण, कुठे आणि किती बोल्ट बसवणार याची शिस्त हवी. ‘आमच्याकडे ड्रिल आहे’ ही पात्रता नव्हे!

कड्याचे जुने रहिवासी

कडा रिकामा नसतो. लांब चोचीची गिधाडं कड्यांच्या खोबणीतच घरटी करतात. एका मोसमात अंडं घालतात फक्त एक, आणि हा काळ हिवाळ्याचा, म्हणजे बरोबर आपल्या ट्रेकचा. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे भारतातली गिधाडं १९९० नंतरच्या काळात प्रचंड संख्येने मेली. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात बंदी आली. मामा म्हणतात, त्यांच्या लहानपणी कड्यावर ओळीने बसलेली असायची. जिथे पांढरे ओघळ दिसतील, पक्षी घिरट्या घालताना दिसतील, तिथे दोर सोडायचा नाही.

दुसरे रहिवासी म्हणजे आग्या मोहोळ. ओव्हरहँगखाली मोठमोठी पोळी लटकतात. धूर, दगड, आरडाओरडा, उग्र सेंट यांनी माश्या उठतात. एक चावली की त्या वासावर बाकीच्या धावून येतात. जमिनीवर पळता तरी येतं, दोरावर लटकलेला माणूस कुठे पळणार? म्हणून दोर सोडण्याआधी कडा बाजूने आणि खालून नीट पाहून घ्या, गावात विचारा. पोळं असेल तर ती जागा रद्द. गिधाडासाठी म्हणा किंवा स्वतःसाठी म्हणा, नियम तोच.

आमचा रंग

फेब्रुवारीत आम्ही चौघं परत त्या कड्यावर गेलो, थिनर आणि तारेचा ब्रश घेऊन. तासभर घासलं. रंग अर्धा गेला, पण त्याबरोबर आजूबाजूचं दगडफूलही गेलं आणि दगडावर पांढरे ओरखडे उमटले. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची जोडी. त्याच्या दगडाला चिकटून वाढणाऱ्या जाती वर्षाला एखादा मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी वाढतात. आम्ही पुसलेला तळहाताएवढा ठिपका भरून यायला आमची नातवंडंही पुरणार नाहीत. दादांनी ब्रश हातातून काढून घेतला आणि म्हणाले, “आता राहू दे. पुसून अजून खराब होईल.” बॅचचं वर्ष अजून वाचता येतं.

हाच उद्योग एखाद्या संरक्षित गडावर केला असता तर १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पश्चिम घाटातल्या कास पठारासारख्या जागा २०१२ मध्ये जागतिक वारशात गेल्या आणि २०२५ मध्ये रायगड, राजगड, साल्हेर, लोहगड यांच्यासह १२ किल्ले गेले. पण माझ्या मते यादीत नसलेला आमचा तो कडाही तेवढाच जुना आहे. आणि दुसरं म्हणजे, आम्ही रंगवत बसलो होतो म्हणूनच कडेकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बारा उतरण्यांत एकानेही दोर तपासला नाही.

तर यंदा काय करायचं?

हा लेख छापायला देण्याआधी रूममेटला वाचायला दिला. तिने शांतपणे वाचला आणि एवढंच म्हणाली, “यंदाच्या कागदावर माझं नाव लिही. पण दोर मी तपासणार.” म्हणून आम्ही दोघींनी मिळून पुढचे नियम कागदाखाली लिहिलेत:

१. प्रशिक्षित माणूस बरोबर नसेल तर रॅपलिंग नाही, नुसता ट्रेक. त्यातही मजा असते.

२. प्रत्येक दोराला एक वही. कधी घेतला, कुठे वापरला, किती जण उतरले, हे सगळं त्यात. वही नसलेला दोर वापरायचा नाही.

३. प्रत्येक उतरणाऱ्यासाठी वरून वेगळा सेफ्टी दोर. आमच्याकडे हाही नव्हता.

४. उतरण्याआधी दुसऱ्याने हार्नेस, गाठ आणि कॅरॅबिनरचा स्क्रू हात लावून तपासायचा. दर तीन जणांनंतर कडेवरचं पॅड आणि दोर बघायचा.

५. रंग, खडू, छिन्नी यांतलं काहीही बॅगेत नाही. कचऱ्याची पिशवी मात्र हवी.

६. कोणीही ‘मला नको’ म्हटलं तर त्याला हसायचं नाही.

शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर मेसमध्ये टेबलं एकत्र करून दोर मोकळा करणार आहोत. ट्यूबलाइटच्या उजेडात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वीतभर वीतभर बोटांनी चाचपून. आवरण कुठे विसकटलंय, गाभा कुठे मऊ किंवा चपटा लागतोय, ते शोधायचं. ४० मीटरच्या दोराला पाऊण तास तरी लागतो. ज्यांनी कागदावर नाव लिहिलंय त्या सगळ्यांनी या. रेक्टर सरांनाही सांगितलंय. येताना नखं कापून आणि हात धुऊन या, आणि दोरावर कृपया पाय देऊ नका.